बिनकाट्याची घायपात

अकोला

प्रिय प्रियदर्शनी,

सप्रेम जयभीम. उन्हाने जीव नकोसा झालाय. कूलर नुसती गरम हवा फेकतो. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि आलं की ते भरून ठेवण्यात कंबर मोडते. तुझे बाबा सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात, ते ऊन पायाशी येईपर्यंत उठत नाहीत. हल्ली आम्ही दोघं फारसं बोलत नाही. भांडलो वगैरे नाही, बोलायचाच कंटाळा येतो.

अंगण तुला ओळखू येणार नाही. माझ्या सुगतने हिवरखेडच्या शेताच्या धुऱ्यावरून आणून कुंपणाशी लावलेली घायपात आठवते ना? पाणी नको, निगा नको, म्हणून त्याचा तिच्यावर फार जीव. तो अपघातात गेला, तू नोकरीसाठी खुशीला घेऊन माहेरी अमरावतीला राहायला गेलीस, आणि मागे ती घायपात तेवढी राहिली. बाबा तिला कुणाला हात लावू देत नव्हते. मागच्या होळीला तुम्ही आला होतात तेव्हा खुशी चेंडूमागे धावली आणि पानाच्या टोकाचा काटा तिच्या भुवईत घुसला. तू रक्त पुसलंस, हळद लावलीस. पण त्यानंतर तुझं येणं थांबलं. मी मनाशी तेच कारण धरून बसले.

बाबांनीही तेच धरलं असावं. एका सकाळी त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळला आणि कुऱ्हाड घेतली. मी म्हटलं, राहू द्या, पोराच्या हातची आहे. तर म्हणाले, "पोरीच्या डोयात गेला असता तं? सुगतनंच उपटून फेकली असती." चीक लागून त्यांचे हात कोपरापर्यंत सुजले, खाजवून खाजवून कातडी सोलली, तरी मुळापर्यंत खणून काढली. मग ओट्यावर बसून रडले. सुगतला पोचवून आले त्या दिवशीही रडले नव्हते, ते तेव्हा रडले.

ती मोकळी जागा मला बघवेना. शेजारच्या पौर्णिमाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, त्यांनी सांगितलं की याच कुळात बिनकाट्याची झाडं आहेत. एक मऊ पानांची घायपात, मोठ्या हिरव्या फुलासारखी पसरते, पोराने मिठी मारली तरी टोचत नाही. आणि आपला निशिगंधही घायपातीचाच नातेवाईक, हे मला या वयात कळलं. निशिगंधाचे कांदे इथेच मिळाले. मऊ घायपात अमरावतीच्या एका नर्सरीत होती. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून बाबांनी मुरूम आणि वाळू मिसळून उंचवटा केला. दुपारच्या उन्हाने पानं करपतात, म्हणून वर हिरवी जाळी बांधली. आता अधूनमधून तांब्याभर पाणी घातलं की झालं. एखादं पान भाजलं, पण झाडं चिवट आहेत, तगून आहेत.

रोपं आणायला अमरावतीला मीच आले होते, हे तुला ठाऊक नाही. तुझ्याकडे येणारच होते, खुशीसाठी बिस्किटांचे पुडेही घेतले होते. नर्सरीच्या दारात तुझे वडील भेटले. खुशालरावांनी मला चहाला नेलं, बराच वेळ कप नुसता फिरवत बसले आणि मग म्हणाले, "पोरीले एक स्थळ आलं आहे. चांदूर बाजारले मास्तर हाये, त्याची बायको आजारात गेली. खुशीले जीव लावते. पन प्रियदर्शनी हो म्हनत नाही. म्हनते, तिकडच्या आईबाबाले काय वाटंन." मी रोपं उचलली आणि परतीची बस धरली. त्या दिवशी तुझ्यासमोर उभं राहायचं बळ माझ्यात नव्हतं. बसमध्ये लक्षात आलं, तू काट्यामुळे येणं सोडलं नव्हतंस. आमच्या घरात बसून आमच्यापासून हे लपवणं तुला जमत नव्हतं.

म्हणून हे पत्र. फोनवर मला रडू फुटतं आणि तू विषय बदलतेस. पोरी, तू हो म्हण. आमच्याकडे बघून तू एकटी राहिलीस तर ते ओझं आता या वयात आम्हाला पेलणार नाही. मंगल परिणयाला आम्ही दोघं येऊ आणि पुढे बसू, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. बाबांना हे सगळं सांगितलं. जेवताना एवढंच म्हणाले, "बरं होईन तिचं." मग मोरीवर हात धुताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "खुशी मले आबाच म्हनंन ना वं?" पत्र मिळालं की फोन कर. माझ्याशी नंतर बोल, आधी खुशीला त्यांच्याशी बोलू दे.

तुझीच,
इंदूआई