चारशे पावलांवरचा समुद्र

शुक्रवार, ३ मे. ब्रुकलिन

सुट्टीचं वेळापत्रक तयार. दोन पानं, तीन रंग. सतरा वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखतोय. अठ्ठेचाळीस गाड्या माझ्या कागदावर सुटतात. आठ महिन्यांची एक मुलगी म्हणजे किस झाड की पत्ती.

उद्या कॅरियाकू. माझं बेट, माझं गाव, टँटी फिमीचं घर. टँटी म्हणजे माझी मावशी, तिनंच मला वाढवलं. मुक्काम दहा दिवस.

जॅनेलला दिलेला शब्द इथे लिहून ठेवतो, नंतर वाद नको. रोज सकाळी नऊ ते एक ती किनाऱ्यावर आडवी होणार आणि ओडेट माझ्याकडे. ओडेट झाल्यापासून बायको सलग चार तास झोपलेली नाही. मागच्या महिन्यात विचारलं, वाढदिवसाला काय हवं? म्हणाली, कुणी हाक न मारता चार तास. आणि रडली. मला ते बघवलं नाही. तिच्या आईसमोर शब्द दिला. तिची आई म्हणाली, आधी पोरीला दोन मिनिटं तरी घेऊन दाखवा, जावईबापू. दुर्लक्ष केलं.

एक जूनला जॅनेलची हॉस्पिटलची ड्यूटी सुरू. म्हणजे संधी ही एकच.

मी उचललं की ओडेट रडते, हे खरं आहे. पण ते मायेपोटी. तिला भावना आवरत नाहीत.

शनिवार, ४ मे. बोटीत, संध्याकाळ

विमान चार तास चाळीस मिनिटं. ओडेट रडली चार तास पंचवीस मिनिटं. ती माझ्याकडे नसताना झोपली ती उरलेली पंधरा.

बोटीत मला उलट्या. मी बेटावरचा माणूस, मला बोट लागत नाही. विमानातलं सँडविच शिळं असणार.

समोर बसलेल्या एका अनोळखी बाईने काही न विचारता ओडेटला उचलून घेतलं. ओडेट गप्प. दमली असेल. बाईने विचारलं, कुणाची पोर? मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तू फिमीचा लेनॉक्स. तूच ना तो, गाढवाला बघून झाडावर चढणारा? अख्खी बोट हसली. जॅनेलसुद्धा. तिला हे माहीत नव्हतं.

रविवार, ५ मे

टँटीच्या ओट्यावरून समुद्र दिसतो. पावलं मोजली, चारशे. मधे सात घरं. सगळं वेळापत्रकाप्रमाणे.

९.०० निघालो. मी, जॅनेल, ओडेट, बाबागाडी, छत्री, दोन पिशव्या.

९.०३ पहिलं घर, मिस कोरिना. मी गुड मॉर्निंग म्हणून पुढे चाललो होतो. ती दारातून म्हणाली, अस्सं? नुसताच जाणार? पोर न दाखवता? न्यूयॉर्कला हेच शिकवतात वाटतं. आत जावं लागलं. चिंचेचं सरबत. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओडेट तिच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या चाटत होती.

११.४० दुसरं घर. पुन्हा सरबत.

१२.५० ऊन फार. परत.

जॅनेल सकाळभर हसत होती, वॉर्डमध्ये अवघड पेशंटशी हसते तसं. झोप शून्य मिनिटं. रविवारी आमच्या बसगाड्याही उशिरा धावतात. उद्यापासून शिस्त.

सोमवार, ६ मे

८.३० लाच निघालो. तिसरं घर मिस्टर बेदोंचं, ते होड्या बांधतात. अंगणात अर्धी होडी उभी. त्यांनी ओडेटला होडीत बसवलं आणि म्हणाले, बघा, कप्तानीण आली. मग त्यांच्या मिसेसनं मला बाजूला घेऊन विचारलं, बायको इतकी सुकलेली का दिसते? तिथे काय उपाशी ठेवतोस का तिला?

इतक्यात मिस कोरिनाची हाक. तिची बहीण पलीकडच्या गावाहून खास पोर बघायला आली होती. मागे फिरावं लागलं. दिवसअखेरची प्रगती, उणे दोन घरं.

जॅनेल म्हणाली, राहू दे ना, लोक किती चांगले आहेत. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. डोळ्यांखाली काळं केवढं झालंय तिच्या.

मंगळवार, ७ मे

नामी युक्ती. घरांच्या मागून, काटेरी झुडपांतून, थेट किनारा. आधी कसं सुचलं नाही?

बाबागाडीचं चाक अडकलं. बकऱ्या जमल्या. ओडेट इतकी किंचाळली की मिस कोरिना मागच्या दारात येऊन उभी. नुसती बघत राहिली.

दुपारपर्यंत गावभर झालं, लेनॉक्स आपली पोर लपवून नेतो. त्याला पोरीची लाज वाटते की आपल्या गावाची?

जेवायला बसलो, टँटीने भात वाढला. मग ताट आदळून म्हणाली, मागच्या वाटेने चोर जातात, बाप नाही जात. मला अपमान गिळता येतो. भात मात्र तिखट होता.

बुधवार, ८ मे

संकट. टँटीला स्वप्न पडलं. माझी आजी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती. म्हणाली, अख्ख्या गावाला पोर दाखवली, मला कोण सांगणार?

म्हणजे आता आजीच्या नावाने गावजेवण. शनिवारी. तोवर ओडेटचे पाय समुद्राला लागायचे नाहीत. घरच्या मोठ्यांच्या आधी समुद्राला कशी दाखवायची?

मी म्हटलं, टँटी, आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. टँटी म्हणाली, मग? गेली म्हणजे काय बहिरी झाली?

ती लगेच ओडेटच्या कानामागे कपड्यांची नीळ लावायला बसली, दृष्ट लागू नये म्हणून. माझी पोर दोन्ही कानांमागे निळी आहे.

गुरुवार, ९ मे

विचार केला, बंदी ओडेटला आहे, जॅनेलला नाही. सरळ हिशेब. जॅनेल एकटी किनाऱ्यावर जाणार, ओडेट माझ्याकडे ओट्यावर. टँटीला बाजारात पाठवलं. मुद्दाम. मला साक्षीदार नको होते.

९.०० जॅनेल गेली. जाताना तीनदा वळून बघितलं.

९.०२ रडणं सुरू. गाणं म्हटलं. वाढलं. गाणं थांबवलं. आणखी वाढलं. फेऱ्या मारल्या, चमचा वाजवला, बकरी दाखवली. बकरी पळाली.

९.११ जॅनेल परत. चारशे पावलांवर आवाज पोहोचला होता. ती पळत आली होती. पायरीवर बसून ओडेटला पाजायला घेतलं. मी पाणी आणून दिलं. तिनं पेला घेतला आणि तसाच धरून बसली.

मला लाज वाटली. खरंच वाटली.

वाराही समुद्राकडे वाहत होता. एरवी एवढा आवाज जात नाही.

शुक्रवार, १० मे

उद्याच्या जेवणासाठी बकरा आला, मक्याचं पीठ आलं, पातेली सात घरांतून आली. मी मदत म्हणून कामाचं वेळापत्रक लिहून दिलं. कोण, कधी, कुठली चूल. टँटीने ते नीट वाचलं, छान आहे म्हणाली आणि त्यावर चूल पेटवली.

मला पाणी भरायला ठेवलंय. जॅनेलला कुणी कामच देत नाही. तिनं सुरी हातात घेतली की कुणीतरी काढून घेतं. मिस कोरिनाने तिला खुर्चीत बसवून तिचे केस विंचरले, तासभर. जॅनेलचे डोळे मिटत होते. मी जाऊन म्हटलं, झोप येतेय का, मग आत नीट आडवी हो ना. डोळे उघडले. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

शनिवार, ११ मे

जेवण झालं. आत एका खोलीत आजीसाठी टेबल मांडलं. पांढरी चादर, मक्याच्या पिठाचे गोळे, मटण, रमचा पेला. दार लोटून घेतलं, तिला निवांत जेवता यावं म्हणून. बाहेर ढोल. आजीची आठवण आली. तिनं मला कधी वेळ विचारली नाही.

ओडेट हातोहात फिरत होती. मी मोजलं. एक्केचाळीस माणसं, एकदाही रडली नाही. बेचाळिसावा मी. रडली.

गर्दीला घाबरली असेल.

टँटी म्हणाली, तू तिला असा धरतोस जशी काही ती पार्सल आहे आणि तू पत्ता शोधतोयस. जरा सैल सोड अंग. मी सैल सोडलं. टँटीने ओडेटला पटकन काढून घेतलं.

उद्या किनारा. आता कुणी अडवणार नाही. गावानं पाहिली, आजी जेवली. उद्या मदर्स डे, जॅनेलचा पहिला. योग कसा जुळून येतो.

रविवार, १२ मे. किनाऱ्यावर, ९.२०

पोहोचलो. सात घरांसमोरून सात मिनिटांत. सगळ्यांनी नुसते हात केले. जॅनेल झाडाखाली चटईवर. ९.१२ ला झोपली. डोकं टेकलं आणि गेलीच. ओडेट माझ्या मांडीवर, छत्रीखाली. थोडी रडली, मग वाळूत रमली.

हे लोक मला उगाच नावं ठेवतात. नियोजन म्हणजे काय ते आज कळेल सगळ्यांना. ऊन छान आहे. डोळ्यांना जरा विश्रांती देतो.

तोच दिवस, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

जाग आली तेव्हा १२.४० झाले होते. मांडी रिकामी. जॅनेल गाढ झोपेत.

मी आधी समुद्राकडे धावलो. बुटांसकट छातीपर्यंत पाण्यात गेलो. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता, तळाशी काही नव्हतं. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. जॅनेल उठली. तिचा तो चेहरा मला जन्मात विसरता येणार नाही.

मग सात घरं. उलट्या क्रमाने. प्रत्येक दारात एकच उत्तर, अरे आत्ता तर इथे होती, पुढच्या घरी गेली. बेदो म्हणाले, होडीत बसून केळंसुद्धा खाऊन गेली.

ओडेट टँटीच्या ओट्यावर होती. भोपळा खात होती. तोंडभर पिवळी.

मिस कोरिना साडेनऊला किनाऱ्यावरून गेली होती. म्हणाली, दोनदा हाक मारली तुला. तू घोरत होतास. पोर वाळू खात होती. बायकोला उठवायचं माझ्या जिवावर आलं, बिचारी किती दिवसांनी झोपली होती. म्हणून पोर घेऊन आले. पुढे म्हणाली, तुला उठवायचं लक्षातच आलं नाही.

जॅनेल पायरीवर बसली, ओडेटला छातीशी घेऊन. भोपळा तिच्या केसांना लागला. माझ्याकडे बघितलं नाही.

तिची झोप तीन तास अठ्ठावीस मिनिटं झाली होती. चार तासांना फक्त बत्तीस मिनिटं कमी. तसं मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

सोमवार, १३ मे

जॅनेल आणि ओडेट महिनाअखेरपर्यंत इथेच राहणार. मी ठरल्याप्रमाणे उद्या.

हे टँटीने सुचवलं, जॅनेलने ठरवलं, मला सकाळी चहाबरोबर कळलं. टँटी म्हणाली, पोरीला इथे सात आज्या आहेत. तिथे एकटी पडायला कशाला नेतोस परत?

जॅनेलला मी विचारलं, रागावली आहेस का? तिनं ओडेटचं झबलं घडी घालून ठेवलं. मग म्हणाली, तू वाईट नाहीस, लेनॉक्स. पण ओडेट तुझ्याकडे असली की मला दोघांसाठी जागं राहावं लागतं.

तशी ही माझ्याच नियोजनाची पुढची पायरी आहे. मुक्काम वाढवावा असं माझ्याही मनात होतं. लिहिलं नव्हतं इतकंच.

मंगळवार, १४ मे. बोटीत

धक्क्यावर ओडेटला घेतलं. रडली. यावेळी मीही. खारं वारं फार होतं.

शनिवार, १८ मे. ब्रुकलिन, सकाळ

घर शांत. चार दिवसांत कुणी हाक मारली नाही. हवं तितकं झोपता येतं. झोप येत नाही. डेपोत काल वेळापत्रकात सात नंबरची गाडी दोनदा लावली मी. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

आत्ता जॅनेलचा व्हिडिओ कॉल आला. दहा तास झोपली म्हणाली. आवाज बदललाय तिचा. लग्नाआधी असा होता. मला बरं वाटलं आणि वाईटही.

मग म्हणाली, ओडेटला पहिला दात आला. गुरुवारी. आधी मिस कोरिनाला दिसला. मग टँटीने तिला सातही घरी नेऊन दाखवला. बेदोंनी चष्मा लावून पाहिला. कबरीपाशी नेऊन आजीलासुद्धा दाखवून आल्या.

मी म्हटलं, मला दाखव ना.

जॅनेलने फोन ओडेटच्या तोंडाजवळ धरला. ती आधी हसत होती. मला पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

मी वीस मिनिटं आ कर, आ कर म्हणत होतो. स्वतः आ करून दाखवला. ती टक लावून माझे दात बघत राहिली. रडली मात्र नाही, हे नोंदवून ठेवतो.

मग जॅनेल म्हणाली, ठेवते रे आता, टँटी खोळंबली आहे. आम्ही समुद्रावर निघालोय.