पाठकोरे कागद

प्रिय चिमणे,

तुझं पाकीट मिळालं. माझा पत्रव्यवहार मी विद्यापीठाच्या अभिलेखागाराला दिला, त्यातली तुझ्या बाबांची एकोणीस पत्रं परत मागवावीत, तुझ्या मुलांनी आजोबांना तशा भाषेत वाचू नये, असं तू लिहितेस. सोबत अर्जही भरून पाठवलास आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने दाबून फुली मारलीस. लहानपणी तुला नाच शिकवताना मी फरशीवर खडूने अशाच फुल्या मारायचे, पाय कुठे टाकायचा ते कळावं म्हणून. तू एकीवरही पाय ठेवला नाहीस. त्याचा मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

सही करण्याआधी पत्रं बघावीत म्हणून मंगळवारी तिकडे जाऊन आले. दोन मजले चढताना गुडघ्यांनी नको नको केलं. तिथल्या संग्रहपाल बाई टापटिपीच्या, माझी प्राध्यापकीची तीस वर्षं त्यांनी अकरा खोक्यांत बसवली आहेत. बाबांची पत्रं वेगळी ठेवली आहेत. दूरच्या धरणाच्या कामावरून पाठवलेली, सगळ्यांत एकच पालुपद: नाच सोड, लोक काय म्हणतील. माणूस वाईट नव्हता गं. तुला गोवर आला तेव्हा रजा टाकून आले, आठ दिवस उशाशी बसले. पण नाचाबद्दल त्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कागद मात्र झकास वापरायचे, जाड आणि पाठकोरा.

बाईंनी पत्रांच्या फक्त पुढच्या बाजूचे फोटो काढले होते. मागच्या पेन्सिलीच्या खुणा त्यांना लहान मुलाच्या रेघोट्या वाटल्या, म्हणजे तुझ्या. मी एकेक पत्र उलटं करून टेबलावर ओळीने मांडलं. पाठकोरा कागद मी कधी वाया घालवला नाही, तुला ठाऊक आहे. पत्र आलं की आधी रडून घ्यायचं, मग ओट्याशी उभं राहून त्याच्याच पाठीवर पावलं लिहायची. आज विद्यापीठाच्या नृत्य विभागातली प्रत्येक मुलगी शेवटच्या वर्षाला जो नाच करते, त्याचे एकोणीस भाग ते हेच. बाबांनी तिसऱ्याच पत्रात हो म्हटलं असतं, तर नाच तिथेच संपला असता.

तेव्हा पुढची बाजू काढून घ्यायची आणि मागची ठेवायची, असं जमत नाही. मुलांना वाचू दे. आजोबा कसे बोलायचे ते कळेल, आणि कागद उलटला की आजीने काय केलं तेही.

तुझ्या पत्रातही ‘लोक काय म्हणतील’ आहेच, अक्षरही त्यांच्याच वळणाचं. वाचून रडू आलं, खोटं कशाला बोलू? मग ओट्याशी गेले. अर्जावर सही केलेली नाही. तो पाठकोरा होता, त्यावर विसावा भाग लिहिला, खुर्चीत बसून करायचा, माझ्या गुडघ्यांना झेपेल असा. उद्या तो बाईंना नेऊन देणार आहे, आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा असं बजावणार आहे. तू पेन्सिल इतकी दाबली होतीस की फुली मागे उमटली आहे. पहिलं पाऊल तिथेच टाकलंय.

तुझीच, अजूनही कुणाचं न ऐकणारी,
आई