दोर हाताला गुंडाळायचा नाही

आबा, तू जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी आज तुला लिहायला बसलेय, तेही डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, कुकर होईपर्यंत. परवाच परदेशातून आले. मुलानं व्हेनिसला नेलेलं. त्या गावात रस्त्यांच्या जागी कालवे, रिक्षा नाही की एसटी नाही, आहे ती पाण्यातली बस. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या, शाळेची मुलं, दवाखान्यात निघालेले, सगळे तिनंच जातात. पहिल्या दिवशी मी ऐटीत पुढे झाले. मनात म्हटलं, होडीवाल्याची पोर आहे मी, मला काय शिकवता! पायाखाली हललं, वर छप्पर दिसलं, बाकडं दिसलं, बसले. पाच मिनिटं झाली तरी सुटेना. मुलगा बाहेरून ओरडतोय, "आई, अगं तो स्टॉप आहे! बस यायचीय अजून." तरंगता स्टॉप, आबा! तू असतास तर पोट धरून हसला असतास.

मग खरी बस आली. दर स्टॉपला एक पांढऱ्या केसांची बाई दोर टाकायची, खुंटाला झटकन दोन वेढे द्यायची आणि एवढी मोठी बस जागच्या जागी उभी करायची. तिच्या हाताखाली एक दाढीवाला नवीन माणूस शिकत होता. त्यानं एकदा दोराचं मोकळं टोक आपल्याच पंजाला गुंडाळलं. बाईनं फाडकन त्याच्या मनगटावर फटका मारला, सगळ्यांदेखत. आणि माझा हात माझ्या गालावर गेला.

मी बारा वर्षांची आहे. मोठागावच्या धक्क्याला आपली होडी लागतेय, पाण्याला ओढ आहे, आणि तू पहिल्यांदाच माझ्या हातात दोर देतोस. सुटू नये म्हणून मी तो हाताला गुंडाळते. थप्पड बसते. "हाताला नको गुंडालू सांगलेलं ना! हात जाईल तुझा!" पलीकडच्या तीरावरून आलेली सगळी माणसं बघतायत. तेव्हापासून मी होडीवर पाय ठेवला नाही. तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती, ती कशी गेली हेही कधी विचारलं नाही. वर शाळेत सांगून टाकलं, माझे वडील वागळे इस्टेटला कारखान्यात आहेत, बोटं मशीनमध्ये गेली. अशा बोटांचे बाप आमच्या वर्गात आणखीही होते, शंका कोणाला येणार!

आणि निकालाच्या दिवशी तू शाळेत आलास. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली, अंगाला खाडीचा वास. बाईंनी विचारलं, "कुठं असता कारखान्यात?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी फरशीकडे पाहत होते. "वागळे इस्टेटला," तू म्हणालास. घरी येईस्तोवर एक शब्द बोलला नाहीस, नंतरही नाही. दोरासाठी मारलंस आणि एवढ्या ढळढळीत खोट्यासाठी काहीच नाही, हे मला जन्मभर डाचलं. वाटायचं, मी तुझं मन मोडलं आणि ते तसंच घेऊन तू गेलास.

म्हणून बसमधल्या त्या फटक्याच्या संध्याकाळी व्हेनिसहूनच दादाला फोन लावला. आबाची बोटं कशी गेली रे, विचारलं.

"दोरात. तू पाळण्यात होतीस तवा. तुला माहीत नवतं?"

मग धीर करून शाळेचंही सांगितलं. दादा हसायलाच लागला, थांबेना. "अगं, ते तर आख्ख्या धक्क्याला माहीत! आबा होरीत बसून सांगायचा, माझ्या पोरीनं मला बिनाअर्जाचा वागळे इस्टेटला चिकटवला. होरी सुटायला उशीर झाला का लोक विचारायचे, काय, ओव्हरटाइम काय?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर हसू आलं, मग रागही आला, मेल्यांनो, मला एकानंही का नाही सांगितलं! पण छातीवरचा धोंडा उतरला, आबा. इतकी वर्षं मी फरशीकडे बघत उभी होते आणि तू तिकडे लोकांना हसवत होतास.

आता तुझ्या धक्क्याशेजारून पूल गेलाय, गाड्या पाच मिनिटांत पलीकडे. खाडीत पाण्यातली बस आणणार म्हणतात, आली की बघू. हे पत्र खाडीतच सोडलं असतं, पण पाण्यात कागद टाकलेला तुला खपायचा नाही. राहील इथेच, मसाल्याच्या कपाटात. एक मात्र कबूल करते. मुलालाही मी आजवर हेच सांगत आले, की आजोबाची बोटं वागळे इस्टेटच्या कारखान्यात गेली, मग त्यानं होडी धरली. शेवटच्या दिवशी त्या दाढीवाल्यानं दोर बरोबर टाकला, तेव्हा म्हटलं, "तुझ्या आजोबाची बोटं अशाच दोरात गेली रे."

"आणि वागळे इस्टेट?"

"ती नोकरी त्याला मी लावलेली," म्हटलं. "आज सुटली."