आठवा महिना चार दिवस पुढे ढकलण्याबाबत

सोलापूर,
१६ जानेवारी, शुक्रवार.

राजमान्य व्याहीबुवा अजिनाथराव यांना मानसिंगचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे आम्ही सुखरूप आहोत. सौ. सारजाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. आता काठी धरून मोरीपर्यंत जातात आणि काठी न धरता माझ्यावर ओरडतात, म्हणजे तब्येत सुधारते आहे. तुमचा खोकला कसा आहे? यंदाची थंडी कोकरांना सोसते आहे ना? विहीणबाई केराबाई यांची प्रकृती ठणठणीत असणारच (ही चौकशी निव्वळ रीत म्हणून केली, त्यांना शिंक आलेलीही मी तीन वर्षांत पाहिली नाही). फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन तुमच्याकडे विहीणबाई उचलतात आणि स्पीकरवर टाकतात, मग आपण दोघं हवापाण्यावरच बोलतो. हे पत्र मोहोळच्या गाडीवर आपला शिवयोगी ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती देतोय. तो फाट्यावरच्या टपरीत ठेवील. मागणं काही नाही. गेल्या महिन्याभरात मी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, एवढंच.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. आमची उत्कर्षा (आता तुमचीच) चंदीगडच्या पलीकडे बद्दीला, जावई शिवराजरावांच्या औषध कंपनीने दिलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दिवस मोजत बसली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, यात तुमच्या-आमच्यात दुमत नव्हतंच. सारजाबाईंनी तिकडे जावं तर तीन जिने गुडघ्याला झेपायचे नाहीत. रेल्वेने आणावं तर दोन रात्रींचा प्रवास, त्याला डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. राहिलं विमान, आणि शिवराजरावांना रजा नाही म्हणून आणायला मी. त्यावर विहीणबाईंनी फोनवर निकाल दिला, "आनायची तर सातव्यात आना. आठव्यात पाऊल उचलायचं न्हाय." आणि विमान कंपनीचा नियम असा, की नववा लागला की बाईला आत घेत नाहीत. म्हणजे नववा कंपनीने अडवला, आठवा विहीणबाईंनी अडवला, उरला सातवा, आणि तो परवा रविवारी, पौषी अमावास्येला सरतो. डॉक्टरीणबाई आठवडे मोजतात, विहीणबाई अमावास्या मोजतात. कुठली मेंढी कुठल्या दिवशी व्यायची हे जी बाई नुसतं तिच्याकडे बघून सांगते, तिच्या मोजणीवर शंका घ्यायची माझी छाती नाही.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. तिकीट या वस्तूबद्दल आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. तो डिसेंबरात अशोक चौकात चंद्रिकाच्या झेरॉक्सच्या दुकानात संपला. (चंद्रिका म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या चादरीवाल्यांची सून. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कॉम्प्युटरशी ती कुठल्या भाषेत बोलते ते मला अजून कळलेलं नाही.) तिने पडद्यावर अख्खं विमान उघडून दाखवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, स्वस्तातली आहे एवढं सांगतो. खिडकीच्या जागेला वेगळे पैसे, पाय लांब करता येतील त्या जागेला वेगळे, बॅगेला वेगळे. मी माणूस म्हणून तिकीट काढलं होतं. खिडकी, पाय आणि सामान हे माणसात धरत नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. व्याहीबुवा, मी एकतीस वर्षं खिडकी फुकट वाटली. आधी येईल त्याची खिडकी, रुमाल टाकेल त्याची जागा. कोंबड्याचंसुद्धा तिकीट फाडलेला माणूस मी, पण गुडघ्याचं वेगळं तिकीट असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या डोक्यात आलं त्याला मी मनोमन हात जोडले.

चौदाला मी एकट्याने जायचं, पंधराला उत्कर्षाला घेऊन यायचं, अशी तिकिटं निघाली. तासाभरात विहीणबाईंचा फोन. पंधरा म्हणजे करीचा दिवस. करीला बाई घराबाहेर काढतात का? चूक माझीच, संक्रांतीला तिळगूळ खाऊन दुसऱ्या दिवशी काय असतं हे विसरलो. पुन्हा चंद्रिकाकडे. तिने तारीख बदलून दहा आणि अकरा केली आणि बदलण्याचा आकार दाखवला. तो आकडा पाहून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आदराने. चंदीगडहून पुण्याला माणूस आणायला जेवढे लागतात, त्याहून जास्त पैसे त्याला पंधरा तारखेवरून अकरा तारखेवर आणायला लागत होते. म्हणजे देश ओलांडणं सोपं, चार दिवस ओलांडणं अवघड. मी म्हणालो, राहू दे, सरळ रद्द करू आणि नवं काढू. चंद्रिका हसली. "काका, रद्द केलं तर परत किती मिळतंय माहिताय का ओ? चहा होतंय. बिस्किट नाही." मग बदललंच.

त्यानंतर धुकं आलं. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल, उत्तरेकडे या दिवसांत विमानांचं काही खरं नसतं. नऊ तारखेला संध्याकाळी कंपनीचा निरोप आला, की आपल्या सोयीसाठी आपलं जाण्याचं विमान बारा तारखेला नेलेलं आहे. येण्याचं विमान मात्र अकरालाच होतं. मी चष्मा पुसून तीन वेळा वाचलं. बाराला जायचं आणि अकराला परत यायचं. सारजाबाई म्हणाल्या, हे चुकलंय. मला एवढ्या लवकर म्हणवेना. ज्यांनी गुडघ्याचं तिकीट काढलं त्यांनी यातही काही विचार केला असेल, असं वाटून मी निरोप चौथ्यांदा वाचला. जायच्या आधीच परत आलेला माणूस थकणार नाही, हे तर खरं आहे.

तरी फोन लावला. तिकडे आधी वाद्यं वाजली, मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा वाद्यं, पुन्हा तेच. पाऊण तासात तिने मला तेवीस वेळा महत्त्वाचा म्हटलं (मी मोजलं, सवय आहे). एवढ्या वेळा तर निवृत्तीच्या समारंभातही कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी एक खरी मुलगी बोलली, प्रियंका तिचं नाव. मी दोन मिनिटं मनात ठरवून ठेवलेलं भांडण सुरू केलं, पण ती प्रत्येक वाक्याला, मी तुमची अडचण समजू शकते, असं म्हणत गेली आणि भांडणाला धरायला कुठे कोपराच मिळेना. आमच्या वेळी प्रवासी "ओ मास्तर" म्हणून अंगावर आला की आमचाही आवाज चढायचा. ही विद्या कुणी शिकवली असती तर माझा शर्ट दोन वेळा फाटायचा वाचला असता. तिने येण्याचं विमान तेराला नेलं, पैसे न घेता, आणि वर माझे आभार मानले.

बाराला पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो. विमानतळाच्या दारात बंदूकवाल्याने माझं आधारकार्ड माझ्या तोंडाला लावून पाहिलं आणि आत सोडलं. आत शिरतो तर भिंतीएवढ्या पाटीवर आमच्या विमानापुढे लाल अक्षरं. रद्द. विमान तिकडे चंदीगडला धुक्यात उभं होतं. सहाशे माणसं, त्यातली निम्मी रद्द झालेली, आणि व्याहीबुवा, एकानेही काच फोडली नाही! नदीला पूर येऊन आमची गाडी रद्द झाली की लोक कंट्रोलरच्या खिडकीत एकावर एक चढायचे, जणू पूर त्यानेच सोडलाय. इथे माणसं रांगेत उभी राहून त्या लाल पाटीचे फोटो काढत होती. मी कंट्रोलरची खिडकी शोधली, तर एक टायवाला म्हणाला, सगळं मोबाइलवर आहे. एवढी मोठी इमारत बांधली ती मग कशासाठी, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात काचेपलीकडे दुसरं एक विमान धावायला लागलं आणि उठलं. मी असं जवळून पहिल्यांदाच पाहिलं. शंभर-दीडशे माणसं, त्यांच्या बॅगा, त्यांचे गुडघे, सगळं घेऊन ते सरळ वर गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चेष्टा करू नका. आयुष्यभर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत जो माणूस खड्डे मोजत गेला, त्याला तो सपाट रस्ता बघून काहीतरी होणारच की.

दुपारी काउंटरवर नंबर लागला. पुढची जागा एकदम एकवीसला जायची आणि बावीसला यायची. त्याआधी एकही नाही, दुसऱ्या कंपन्यांची भाडी तर अशी, की तेवढ्यात तुमच्या दहा मेंढ्या याव्यात. मी बावीस घेतली आणि परतीच्या बसमध्ये उत्कर्षाला फोन केला. बावीस म्हणजे विहीणबाईंच्या हिशोबाने आठवा लागून चौथा दिवस, हे तिलाही माहीत. डॉक्टरीणबाईंची काही हरकत नाही. आधी ती नेहमीसारखी बोलली, काही होत नाही बाबा, इथेही दवाखाने आहेत. मग म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते. मला आईजवळ यायचंय." माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने मला खिडकीची जागा दिली. फुकट.

तर असं हे सगळं. विमान ही वस्तू थोर आहे आणि ते उडत नाही तेव्हा तर फारच थोर आहे. हे सहज लिहिलं. तुमच्या लेकीच्या, सोनालीच्या पोरांना पापे, थोरामोठ्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो थंडीने गारठू देऊ नये.

आपला,
मानसिंग

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं आहे, त्यात थोडा बदल आहे. विहीणबाईंना एक विचारून पाहाल का? आठवा महिना चार दिवस पुढे ढकलता येईल का? म्हणजे अमावास्येऐवजी तेवीसला लागला असं धरायचं. ही कंपनी कुणाला न विचारता विमान इकडून तिकडे नेते. पंचांगवाले तर दर तीन वर्षांनी अख्खा महिना मध्ये घुसवतात, आणि त्याची भरपाई आजवर कुणी मागितलेली मी ऐकली नाही. मग विहीणबाईंना चार दिवसांचा अधिकार नसावा का? त्यांचं मन मोडून मी पोरीला आणणार नाही. पण न आणता सारजाबाईंना तोंडही दाखवू शकणार नाही. हे त्यांना वाचून दाखवू नका, तुमच्या शब्दांत सांगा, आणि त्यांच्या हातात भाकरीचं पीठ असताना सांगा, म्हणजे लगेच फोन उचलता येणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून शिवयोगीची वाट बघत स्टँडवर उभा होतो, तर तुमच्या नंबरवरून फोन. तुम्ही मेंढ्यांमागे आणि फोनवर विहीणबाई. शिवराजरावांनी त्यांना काल सगळं सांगितलेलं. मी ता. क. मधलं सगळं घडाघडा बोलून टाकलं, पंचांगासकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाजी, पयल्या खेपंला आठव्यात मी मेंढरामागं मंगळवेढ्यापतुर चालले. कुनी नगं म्हनलं न्हाय. त्ये ल्योकरू न्हाय ऱ्हायलं. म्हनून मी म्हंते." मी इतके दिवस जिला रूढी समजून चंद्रिकाच्या दुकानात बसून नावं ठेवत होतो, ती ही होती. व्याहीबुवा, तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मी विचारलंही नव्हतं. स्टँडवर एवढा गोंगाट आणि मला काही ऐकू येईना. मग त्यांनीच विचारलं, की इमानात चालावं लागतं का? मी म्हणालो, नाही, बसून यायचं, आणि दारापासून दारापर्यंत चाकाची खुर्ची मिळते, त्या कंपनीत तेवढी एकच गोष्ट फुकट आहे. मागे कोकरं ओरडत होती.

तर पाकीट फोडून हे लिहितोय. आता मागणं एवढंच, की बावीसला मेंढ्या कुणावर तरी सोपवा आणि विहीणबाईंना घेऊन पुण्याला विमानतळावर या. उत्कर्षाची खुर्ची बाहेर आली की पहिला हात त्यांचा लागावा, असं मला वाटतं, आणि सारजाबाईंनाही फोनवर विचारलं, त्या हो म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता विहीणबाई काय म्हणाल्या ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून जसंच्या तसं लिहितो: "आनू द्या पोरीला. आन त्या कंपनीला सांगा, आता तारीक हलवायची न्हाय. मी माजी हलवली की."