राईत बोललेलं इंग्रजी

आहुपे,
दि. ९ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षाली हीस लंकाआत्याचे अ. आ.

पत्र बघून हसशील. इथं रेंज येत न्हाई, आणि फोन लावायला टेकाडावर चढायचं तर माझे गुडघे बोंबलतात. म्हणून एस्टीच्या ड्रायव्हरभाऊच्या हाती हे देतेय. संपतदादाला नमस्कार सांग. वहिनीला म्हणावं, लोणचं पोचलं आणि संपलंही.

काम असं, की आमची देवराई बघायला आता लांबलांबची माणसं येतात, परदेशातलीसुद्धा. गावच्या समितीनं ठरवलंय, पावण्यांना राईत फिरवायला एक माणूस नेमायचं, पण त्याला इंग्रजी बोलता आलं पाहिजे. माघात परीक्षा हाय. गावातलं कुणी पास झालं न्हाई, तर शहरातल्या कंपनीची पोरं येणार. मागं ती आली व्हती, तर बूट घालून राईत शिरली आणि मोठ्यानं गाणी लावली. मामंजी त्या दिवशी जेवले न्हाईत. घरधनी गेल्यावर मी त्याच राईत जाऊन बसायची, तुला ठावं हाय. तिथं दुसऱ्याचं राज्य मला बघवणार न्हाई.

तू शाळेत इंग्रजी शिकवतीस. मी सातवी झालेली, एबीसीडी येती, पुढं सगळा अंधार. हसायचं तर हस, पण शिकव.

माया आटू देऊ नको.
तुझी,
लंकाआत्या


कळंब,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. लंकाआत्यास हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

मी हसले नाही. बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते आधी हसले, मग म्हणाले, आजच धडे पाठव. आई म्हणते, लोणचं इतक्या लवकर संपत असेल तर बरणी नाही, पिंपच पाठवावं लागेल.

सोबत पहिले धडे पाठवते आहे. आपलं नाव सांगणं, गाव सांगणं, हे झाड आहे, ते घर आहे, असं सोपं सोपं. शेवटी पुढं होणाऱ्या गोष्टींची वाक्यं आहेत, तीही घोकून टाक. एकच अट आहे. मनातल्या मनात म्हटलेलं इंग्रजी तोंडात येत नाही, तेव्हा मोठ्यानं म्हण. घरात लाज वाटली तर झाडांना ऐकव. ती काही चुका काढत नाहीत.

तुझ्या घरच्या आजोबांना माझा नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा आणि माझ्यावर जीव राहू दे.

तुझी,
हर्षाली


आहुपे,
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. हर्षाली हीस अ. आ.

तू म्हणलीस झाडांना ऐकव. घरात मी तोंड उघडलं की मामंजी खेकसतात, म्हणून राईत जाऊन म्हणू लागले. पहिल्या दिवशी दिस इज अ ट्री म्हणलं आणि मान वर केली, तर समोर खरंच झाड. चार माणसांच्या कवेत मावणार न्हाई असलं. आज्यासासऱ्यांनी ज्याला हात जोडले, त्याला मी आज नव्या बोलीत हाक मारली. अंगावर सर्रकन काटा आला बघ.

पण तुझ्या धड्यानं माझा घात केला. परवा मामंजी मागनं येऊन उभे राहिले आणि एकेका वाक्याचा अर्थ विचारू लागले. मी भोळेपणानं सांगत गेले. आय विल गिव यू माय गोट म्हणजे काय, तर मी तुला माझी शेळी देईन. म्हातारा मटकन खालीच बसला. आमच्यात राईत खोटं बोलत न्हाईत. तिथं बोललेला शब्द देव धरून ठेवतो. मी लई समजावलं, की हा धडा हाय, नवस न्हाई. ते एवढंच विचारत राहिले, की तू बोललीस का न्हाई, आणि राईत बोललीस का न्हाई. दोन्हीला हो म्हणावंच लागलं.

आमच्या चांदी शेळीला हळदकुंकू लावलं आणि देवाला सोडली. आता ती राईच्या काठानं रुबाबात हिंडती. देवाच्या शेळीचं दूध काढत न्हाईत, म्हणून आमी दोघं कोरा चहा पितोय. मामंजी चहा पिताना तुझं नाव घेतात, कसं घेतात ते लिहीत न्हाई. पुढच्या धड्यात म्हैस असली तर आधीच फाडून टाक. मला आता खरी वाक्यं पाठव, नुसती खरी.

राग न्हाई, लोभच हाय.
तुझी,
लंकाआत्या


कळंब,
दि. ५ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

चांदीचं वाचून हसू आवरेना, आणि मग फार वाईट वाटलं. आजोबांच्या पायावर डोकं ठेवायला येणार आहे, तोवर दुधाची पावडर पाठवते.

तुझं पत्र माझ्या डोक्यातून जात नाही. माझी मुलं वर्गात रोज लंडनला जातात, घोडे विकत घेतात, राजाला भेटतात, आणि कुणाला काही वाटत नाही. परवा त्यांना सांगितलं, आज फक्त खरं असेल तेच इंग्रजीत बोलायचं. लंडन, घोडे, राजा, सगळं एकदम बंद पडलं. मग तेजस्विनी नावाची कधी न बोलणारी मुलगी उठली आणि म्हणाली, की माझी आई दमते. तीनच शब्द होते. इतकी वर्षं शिकवते आहे, पण कुणी इंग्रजी बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं.

सोबतची वाक्यं सगळी तुझ्या घरची आहेत. परीक्षेला घाबरू नकोस. लेकीसारखी माया आहे, ती अशीच ठेव.

तुझी,
हर्षाली


आहुपे,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षाली हीस अ. आ.

परीक्षा झाली. सगळं सांगते, पण एक गोष्ट सांगणार न्हाई. का ते पुढं कळंल.

भीमाशंकरला उतरलेली एक म्हातारी गोरी बाई समितीनं आणली व्हती. तिला राईत फिरवायचं, आणि बाहेर येऊन समितीच्या सयाजीरावांना इंग्रजीत सांगायचं, की ती काय बोलली आणि आपण काय बोललो. कंपनीचं पोरगंही परीक्षेला आलं व्हतं, ते आधी जाऊन आलं. त्याचं इंग्रजी धबाधबा वाहत व्हतं.

राईच्या काठावर मी म्हणलं, टेक ऑफ युवर शूज. तशी ती पिकल्या केसांची बाई मुकाट खाली वाकली आणि नाड्या सोडू लागली. माझ्या तोंडचा शब्द, आणि सातासमुद्रापल्याडचं माणूस वाकतंय. मी बघतच राहिले. मग मोडकंतोडकं सांगितलं, की इथं देवाला नाव-गाव सांगायचं, कशाला आलो ते सांगायचं, आणि खरंच बोलायचं.

ती देवाच्या शिळेसमोर उभी राहिली. मग बोलली. हर्षाली, मला सगळं कळलं. एक शब्द अडला न्हाई. ती रडली. मग मी माझं सांगितलं, तिच्याच भाषेत. घरधनी गेल्यापासून जे मराठीतसुद्धा कुणापाशी बोलले नव्हते, ते बोलले. तिनं माझा हात धरला आणि आमी तशाच बाहेर आलो.

सयाजीरावांनी विचारलं, काय बोलणं झालं. मी म्हणलं, देवाला सांगितलेलं मी बाहेर काढणार न्हाई. ते म्हणाले, मग मार्क कशाला द्यायचे? त्यांनी बाईला विचारलं, तर तिनंही तोंडावर हात ठेवून मान हलवली. सयाजीराव म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि कागदावर कंपनीचं नाव लिहायला लागले.

तेवढ्यात मामंजी काठी टेकत पुढं आले. सगळ्यांच्या देखत मला विचारलं, आत दोघी खरं बोललात का. मी हो म्हणलं. मग खाली बसून त्यांनी त्या बाईचे बूट उचलले आणि तिच्या पायाशी नीट मांडले. आजवर दुसऱ्याच्या पायताणाला हात न लावलेला माणूस. उठून सयाजीरावांना म्हणाले, ह्या राईत पावणा जाईल तो माझ्या सुनेबरोबर जाईल, न्हाईतर आधी मला ओलांडून जाईल. सयाजीरावांनी कंपनीचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं.

बाई काय बोलली ते तुलाही सांगणार न्हाई, राग मानू नको. पण एवढं सांगते, ते सगळे शब्द तू पाठवलेल्या पहिल्या धड्यातले व्हते. एवढं मोठं दुःख, आणि त्यात मावलं.

संपतदादाला हे वाचून दाखव. तुझ्यावर देवाची सावली राहो आणि माझी आठवण तुझ्यापाशी राहो.

तुझी,
लंकाआत्या