दोरा बांधलेले टोमॅटो

३ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

बियांची पुडी पोचली. गेल्या वर्षी माझी सगळी झाडं करप्याने गेली, तेव्हा वाटलं आईचा टोमॅटो संपला. तुझ्याकडे चार झाडं होती म्हणून निभावलं. पहिली मोठी फळं दोरा बांधून बियांसाठी राखायची, त्यांना घरात कोणी हात लावायचा नाही, ही आईची शिस्त तुझ्यासारख्या खादाडाने पाळली याचं कौतुक वाटतं. आजच गच्चीत कुंड्या भरल्या. औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतानाही मन कुंड्यांत असतं. पण घाबरू नकोस, एकाच्या गोळ्या दुसऱ्याला तीस वर्षांत एकदाही दिलेल्या नाहीत.

माया आहे तशीच असू दे.
ताई

६ एप्रिल

चि. धाकट्यास अ. आ.

रोपं वीतभर झाली. रोज बोटाने माती चाचपून मगच पाणी घालते. एक विचारायचं होतं. आईच्या टोमॅटोची पानं बटाट्यासारखी रुंद, सरळ कडांची. ही तर कातरलेली आहेत, बाजारातल्या रोपांसारखी. पुडीत काही अदलाबदल झाली का रे? रागावणार नाही, खरं काय ते कळव.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

अदलाबदल व्हायला माझं काय बियाण्यांचं दुकान आहे? आईच्या टोमॅटोची पानं अशीच कातरलेली होती. शेजारच्या वाफ्यात बटाटे असायचे, तुझी गल्लत होते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण हल्ली तू विसरतेस. परवा फोनवर मुलीच्या परीक्षेचं दोनदा विचारलंस. एकदा डॉक्टरांना दाखवून घे. काळजी वाटते म्हणून लिहितो.

लोभ कमी करू नये.
तुझा धाकटा

२ जून

चि. धाकट्यास अ. आ.

डॉक्टरांकडे जाऊन आले. तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी इतकी घाबरले होते की दुसऱ्याच वजाबाकीला चुकले. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. दुकानाच्या मालकांना मीच म्हटलं की चिठ्ठ्या आता दुसऱ्या कोणी बघाव्यात. सध्या मी खोकी फोडून माल लावते.

टोमॅटो लागलेत, गोल आणि गुळगुळीत. मला आईचे चपटे, कंगोरेदार आठवतात. पण तू म्हणतोस तेच खरं असणार. झाडांना पाणी घालताना आई गुणगुणायची, की तेही मी मनानेच रचलंय? तुला आठवत असेल तर लिही.

ताई

९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तुझी आठवण ठणठणीत आहे. हिच्या ऑफिसातली माणसं जेवायला आली होती, टोमॅटो कमी पडले, म्हणून बियांसाठी राखलेल्या फळांचे दोरे तोडून मी तीच कापून वाढली. पुढे झाडंही वाळली. तुला सांगायची छाती झाली नाही, नर्सरीतून पुडी आणून पाठवली. पानांचं विचारलंस तेव्हा वाटलं, विसरतेस म्हटलं की गप्प बसशील. परीक्षेचं तू एकदाच विचारलं होतंस. आई गुणगुणायची, ताई.

पाया पडतो. लोभ मागायचं तोंड नाही.
धाकटा

२० जून

धाकट्या,

आईचं बियाणं गेलं, त्याचं रडून झालं. ते तू खाल्लंस हे मी दोन दिवस भांडून विसरले असते. पण दोन महिने मी स्वतःला वेडी समजत होते आणि तू ते समजू दिलंस. याला केसाने गळा कापणं म्हणतात. परका असतास तर इतकं लागलं नसतं.

तुझं पत्र मालकांना दाखवलं. त्यांनी मला परत चिठ्ठ्यांवर बसवलं. काल एक बाई आल्या, नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. चिठ्ठी वाचली, गोळ्या काढल्या, बरोबरच होत्या. तरी हात पुढे होईना. शेवटी मालकांना म्हटलं, जरा बघता का.

ताई