बावीस श्वास

२ नोव्हेंबर

शनिवार पेठ सोडून आज येरवड्याच्या पुढे नदीकाठच्या या गावात राहायला आलो. गाव महापालिकेत गेलंय म्हणे. उसाला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. खाली घरमालकीण तुळजाबाई, वरच्या खोलीत मी आणि सहा वर्षांची तनया. तिचा बाबा सलिल कंपनीच्या कामासाठी मार्चपर्यंत चेन्नईला. पेठेतल्या गाड्यांच्या धुरानं तनयाचा दमा इतका वाढला की डॉक्टरच म्हणाले, जागा बदला. ती झोपेत असताना रोज सकाळी सहाला मिनिटभर तिचे श्वास मोजून लिहायचे, हा त्यांचा हुकूम. पोट वर आलं की एक. डोळ्यांनी मोजायचे, कानांनी नाही, हे त्यांनी मी बहिरी असल्यासारखं दोनदा सांगितलं.

९ नोव्हेंबर

बावीस. आठवडाभर पंप लागलेला नाही. नदीवर बगळे, दारात ताजी मेथी, मी खूश आहे.

तुळजाबाईंचा एक नियम कळला. थंडीत वरच्या दोन्ही खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या, नदीकडची आणि रस्त्याकडची. धूर हिकडनं येतो, तिकडनं जातो, त्याला आडवायचं न्हाई म्हणाल्या. भाडेकरारात हे कुठल्या कलमात आहे, असं विचारणार होते, पण त्यांनी हातावर गरम भाकरी ठेवली.

२८ नोव्हेंबर

ऊसतोड सुरू झाली. तोडलेल्या शेतात पाचट पेटवतात, पलीकडे गुऱ्हाळं धुमसतात, आणि नदीच्या या खोलगट भागात थंडीनं धूर दहा वाजेपर्यंत हलत नाही. समोरचा काठ दिसत नाही. तनया रात्रभर खोकली. तीस. शुद्ध हवेसाठी पेठ सोडली, धन्य माझी.

बुधवार पेठेतून हवेचा प्युरिफायर आणला. दोन्ही खिडक्या लावून रुंद चिकटपट्टीनं बंद केल्या. तुळजाबाई सासवडला भावाकडे गेल्यात, त्यामुळे वाद टळला.

३० नोव्हेंबर

चोवीस. पट्टीला यश आलं. गारठा फार आहे, म्हणून तनयाला दुलईत गुंडाळते. पोट दिसत नाही, त्यामुळे कानांनीच मोजते. तिच्या श्वासाला बारीक शिट्टी असते, चुकायचं कारण नाही.

४ डिसेंबर

चव्वेचाळीस. तशीच तिला उचलून दवाखान्यात नेली. छाती साफ, ओठ गुलाबी, मोजण्यात घोळ आहे म्हणाले डॉक्टर, आणि माझ्याकडे बघून चष्मा पुसला.

दुपारी ती झोपल्यावर पुन्हा मोजले. चव्वेचाळीस. बाविसाच्या बरोबर दुप्पट. तिचा एक झाला की मागून एक. दुसऱ्याला शिट्टी नाही.

प्युरिफायरच्या जाळीला ओवा-शेपांचा वास येतोय, बाळंतिणीला धुरी देतात तसा. घरात शेपा नाहीत.

५ डिसेंबर

तनयाची तक्रार. पाठीमागे झोपणारी काकू सारखी खोकते, तिचे पाय गार आहेत, तिला सरकायला सांग.

गादीला भिंतीच्या बाजूनं खळगा पडलाय. मी त्या बाजूला झोपत नाही.

६ डिसेंबर

तुळजाबाईंना फोन केला. पट्टीचं ऐकून त्या रडायलाच लागल्या. ती कौशल्या, म्हणाल्या, त्यांची सून. याच खोलीत बाळंतीण होती. वारं लागू नये म्हणून तुळजाबाईंनी स्वतः दोन्ही खिडक्या गच्च लावल्या, खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली. सकाळी दार उघडलं तर दोघी गेलेल्या, ती आन् तिची तान्ही पोर. दर थंडीला ती धुरासंगं आत येती. पोर हाय का बघती. न्हाई म्हनून पलीकडनं निघून जाती. औंदा तिला जायला वाट न्हाई, म्हणाल्या. आन् खोलीत पोर हाय.

पट्टी ओरबाडून काढली. दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. धूर आत आला, खोलीभर फिरला, रस्त्याकडून गेला. वास गेला. दुलई काढून, पोट बघून मोजले. बावीस. एकच श्वास. मी ढसाढसा रडले.

सामान बांधलंय. रिक्षा सकाळी सातला. तिचा हात धरूनच झोपणार.

७ डिसेंबर

सहा वाजलेत. दाट धूर. तिचा हात माझ्या हातात. तिच्या अंगावर दुलई आहे. शेवटचे मोजते, मग उठवते.

एक. दोन. तीन. शिट्टी ऐकू येतेय. तिचाच श्वास.

नऊ. दहा. मागून दुसरा— शिट्टी नसलेला—

अकरा. आवाज गादीवरून नाही. रस्त्याकडच्या खिडकीतून. बाहेरून.

बारा. लांब जातोय. दोघींचा.

हात गार—

दुलई काढली. पोट—